बोरस्ते सरांची उभी आणि पडलेली वाक्यं

मी एका दुपारी बोरस्ते सरांच्या कॉम्प्युटरवर एकशे चाळीस इंग्रजी वाक्यं बरोबर ठरवली. एकही न वाचता. अकरा मिनिटांत.

यात काय बिघडलं ते कळायला आधी सर कळायला हवेत.

बोरस्ते सर इंदिरानगरात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांची बेडरूम आणि माझा हॉल यांच्यात एकच भिंत. वय चौऱ्याहत्तर. निफाडकडच्या एका हायस्कुलात त्यांनी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. समोर कुठलंही वाक्य आलं की ते जवळ असेल त्या वस्तूवर बोटाने ठोकतात. एक ठोका म्हणजे उभं. दोन म्हणजे पडलं. मधलं काही नाही. वडिलांची द्राक्षबाग होती. पावसाळ्याआधी वडील मांडवाच्या एकेका खांबाला लाथ घालून बघायचे. "वाक्याचं तेच," सर म्हणतात. "दिसायला सगळीच उभी असतात."

सोसायटीच्या सेक्रेटरीने पाण्याच्या टाकीबद्दल इंग्रजीत नोटीस लावली, तर सरांनी नोटीसबोर्डच्या काचेवर दोनदा ठोकलं. सेक्रेटरी दार उघडून बाहेर आला. त्याला वाटलं कोणीतरी आलंय. एका लग्नात तर मुलाच्या वडिलांसमोरच पत्रिकेवर ठोकलं. ते अजून बोलत नाहीत. मी निवृत्त झालो तेव्हा साहेबांना लिहिलेलं आभाराचं पत्र मोठ्या हौसेने सरांना दाखवलं. चार ओळी, आठ ठोके. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "हे पत्र नाही हो, अपघात आहे." मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सुमनकाकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, लकवा झाला. डावा हात तेवढा थोडा हलतो. बोलणं पार गेलं. सर घराबाहेर पडेनासे झाले, तेव्हा पुण्याच्या मुलीने, चारूने, त्यांना घरबसल्या एक काम लावून दिलं. कुठलीशी परदेशी कंपनी यंत्राला इंग्रजी शिकवते म्हणे. ती रोज वाक्यं पाठवते. प्रत्येकाखाली एक हिरवं बटण, एक लाल. हे इंग्रजीत चालतं की नाही, एवढंच सांगायचं. ज्या खोडीपायी लोकांनी आयुष्यभर तोंड फिरवलं, तिच्यासाठी आता कोणीतरी सरांना रोज बोलावत होतं.

त्या वाक्यांतून सदानकदा जॉन आणि मेरी भेटायचे. सरांना त्यांची काळजी वाटू लागली. या जॉनला कामधंदा नाही का, काल याने मेरीला पत्र दिलं, आज मेरीने ते बिलला दिलं, आणि याला वाटतंय की कोणाला काही माहीत नाही. एकदा म्हणाले, आज जॉनने भिंत खाल्ली. मी लगेच म्हणालो, लाल. "का? उभं आहे की. खाऊ दे त्याला. वेडेपणा वेगळा, चूक वेगळी."

कंपनी मधूनमधून अशीही वाक्यं पेरते, ज्यांचं उत्तर तिला आधीच ठाऊक असतं. तपासणारा जागा आहे की झोपला, ते बघायला. हे सरांनी मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

रोज दहाला भिंतीपलीकडून सरांचा वर्गातला आवाज यायचा. एक इंग्रजी वाक्य. मग शांतता. मग लोखंडावर ठोका, कधी एक, कधी दोन. मग पुढचं वाक्य. चहाच्या टपरीवर मी याची नक्कल करायचो: अंथरुणाला खिळलेल्या बाईला म्हातारा इंग्रजी ऐकवतो. लोक हसले की पुन्हा करून दाखवायचो.

गेल्या थंडीत काकूंच्या छातीत कफ भरला. ॲम्ब्युलन्स आली. सरांनी किल्ली माझ्या हातात दिली, दूध आत ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, बेडरूमच्या दाराबाहेर कॉम्प्युटर चालूच आहे, त्याला हात लावू नका. आजची वाक्यं पाचपर्यंत द्यायची होती, राहिली तर राहिली.

मी एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढली. समोर कागद आला की कोपऱ्यात 'पाहिले' लिहायचं आणि खाली सही. वाचत बसणाऱ्याकडे आमच्यात संशयाने बघत. 'पाहिले' लिहिल्याने कधी कुणाचं वाकडं झालं नाही, असा माझा पक्का समज. सरांचं काम अडू नये म्हणून मी खुर्चीवर बसलो आणि हिरवं, हिरवं, हिरवं. एखादं वाक्य पास झालं तर कोणाचं काय जातं? उठताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

काकू नऊ दिवसांनी परत आल्या, निम्म्या होऊन. दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी भिंतीपलीकडे आवाज नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी गेलो तर सर कॉम्प्युटरसमोर नुसते बसलेले. तुमचा निर्णय भरवशाचा राहिलेला नाही, काम थांबवत आहोत, असं कंपनीने कळवलं होतं. त्या सकाळी काकूंचा ताप चढत होता आणि सर मधेमधे येऊन बटणं दाबत होते, एवढं त्यांना आठवत होतं. "पण सगळंच हिरवं? मी?" ते म्हणाले. "डोकं पडलं वाटतं माझं."

मी म्हणालो, वयात होतं असं, सर.

त्यानंतर ते गॅसची कळ तीन-तीनदा बघू लागले. काकूंना गोळी देण्याआधी मला हाक मारायचे, पाकिटावरचं नाव माझ्याकडून वाचून घ्यायचे. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचं तपासणारा माणूस माझ्याकडून, 'पाहिले'वाल्याकडून, तपासून घेत होता. आणि मी तपासून देत होतो. अकराव्या दिवशी भिंतीतून त्यांचा फोन ऐकू आला. चारूला सांगत होते, आईला तुझ्याकडे घेऊन जा. माझ्या हातून तिचं काहीतरी होईल.

रविवारी चारू आली. ती बॅग भरत होती तेव्हा मी गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बेडरूममध्ये पाय ठेवला. काकूंचं डावं बोट पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हळूहळू आपटत होतं. थांबत नव्हतं.

"दहा वाजले की मागते," सर म्हणाले.

मी विचारलं, काय मागतात?

"वाक्यं. ठोके माझे नव्हते, भाऊसाहेब. मी दारातून वाचायचो, ती ठोकायची, मी बटण दाबायचो."

वर्षानुवर्षं पुढच्या खोलीत सरांच्या शिकवण्या चालायच्या आणि काकू आत भाकरी थापत ऐकायच्या. इंग्रजीचा एक शब्द कधी बोलल्या नाहीत. बोलणं गेलं, कान राहिला. काम गेल्यावर सरांनी पेपर वाचून पाहिला, पण त्यातली वाक्यं बहुतेक उभीच. तिला पाडायला आवडतं, ते म्हणाले. मग कठड्याकडे बघत राहिले.

"ती सटाण्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा अहिराणी बोलायची. 'आहे'ला 'शे' म्हणाली की मी दोनदा ठोकायचो. गंमत म्हणून. वर्षभरात गप्प झाली." कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "आता कुठं तिची पाळी आली होती."

तिथे उभ्याउभ्याच मी सगळं सांगितलं.

"एकशे चाळीसही तुम्ही?"

"तुम्ही सोडलेली सगळी. तुम्ही सकाळी केलेलीही न बघता पुन्हा हिरवी केली."

"म्हणजे मी नव्हतो."

"नव्हता, सर."

मला वाटलं, आता मारतील. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि काकूंचा हात धरून म्हणाले, "सुमन, मी नव्हतो गं." दारात उभी असलेली चारू माझ्याकडे न बघता आत गेली आणि भरलेल्या बॅगेतून एकेक कपडा बाहेर काढू लागली.

कंपनीला कळवलं, खाली माझं नाव घालून. यंत्राचं उत्तर आलं: पुनर्विचार होत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी वीस इंग्रजी वाक्यं लिहितो आणि दहाला शेजारी जातो. सर वाचतात. काकूंचं बोट आता कठड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून सर त्यांच्या बोटाखाली आपला तळवा धरतात. ठोका त्यांना एकट्यांना कळतो. ते मला सांगतात.

परवा मी नातीचं व्याकरणाचं पुस्तक आणून वाक्यांत नेमक्या जागी चुका घालून नेल्या. पहिल्या पाच वाक्यांना काकूंचं बोट हललंच नाही, असं सरांनी सांगितलं. मला धसका बसला. सरांनी तळवा काढला नाही. दुसऱ्या हाताने कागद मला परत दिला.

"मुद्दाम चुका करू नका, तिला कळतं," ते म्हणाले. "नेहमीसारखं लिहा, भाऊसाहेब. तेवढं पुरतं."