रावसाहेबांचं कपाट आणि काळूरामाची खूण

माणूस मरतो, त्याचं शौर्य लोक विसरतात, पण सही टिकते. म्हणून शहाण्या माणसानं शौर्याच्या भानगडीत न पडता सह्या जमवाव्यात. हे तत्त्व कुलाबा जिल्ह्यात पहिल्यांदा कुणाला उमगलं असेल, तर ते नागावच्या अनंतरावांना.

अनंतरावांची नारळ-सुपारीची वाडी होती, दुमजली घर होतं. गावोगावची पोरं लामावर, म्हणजे त्या मोठ्या लढाईवर गेली, तेव्हा अनंतरावांनी छातीवर दगड ठेवला आणि वाडीतच राहायचं ठरवलं. (वाडीत वानरं फार.) लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली आणि त्यांना एकाएकी शूरांचा उमाळा आला. शेजारगावच्या एका बागायतदाराला सरकारनं रावसाहेब केलं, त्याच आठवड्यात हा उमाळा यावा, हा निव्वळ योगायोग. तेव्हापासून घरचे गडी अनंतरावांनाही रावसाहेबच म्हणायला लागले. (किताब यायचा होता. हाक आधी मारली म्हणून काय बिघडलं?)

त्यांनी 'कुलाबा जिल्हा वीर-हस्ताक्षर संग्राहक मंडळ' काढलं. अध्यक्ष अनंतराव, चिटणीस अनंतराव, सभासद वरील दोघे. काचेच्या दारांचं शिसवी कपाट करवून घेतलं. मग मंडळानं बिल्ला मिळालेल्या वीरांची शिरगणती केली. एकूण अकरा. त्यातले वारलेले चार (सहीच्या दृष्टीनं निरुपयोगी), मुंबईला गिरणीत लागलेले तीन (सुट्टी नाही), दारातनंच कुत्रं सोडणारा एक. उरले तीन. पहिले म्हसळ्याचे जमादार. त्यांनी मोठ्या मनानं सही दिली, पण उर्दूत. ती चौकट दोन वर्षं उलटी टांगली होती आणि पाहुणे तिच्यापुढं हात जोडत होते. दुसऱ्याची सही त्याच्या मास्तर मेव्हण्यानं केलेली निघाली. तिसरा थळचा काळूराम कोळी.

काळूराम बसऱ्याकडच्या नदीत सरकारी बोटीवर खाकी कपड्यात सुकाणू धरायचा. दोन्ही काठांवरनं गोळ्या यायच्या. सरकारनं त्याला चांदीचा बिल्ला दिला होता. अनंतराव बैलगाडीतनं थळला गेले, नाकाला रुमाल लावला (बोंबील वाळत होते) आणि म्हणाले, "काळूराम, तू लढाईत होतास म्हणे?"

"व्हय मालक. त्या रोजी नदीला पूर आल्ता, आनि आमचा गुणाजी दोर घेऊन..."

"ते राहू दे. सही येते का?"

सही येत नव्हती. अंगठा येत होता. पण कुळांचे अंगठे अनंतरावांच्या घरी पेटीभर होते. अंगठा चौकटीत बसवला की वीर दिसत नाही, कूळ दिसतं.

"खूण चालंल काय?" काळूराम म्हणाला.

थळच्या दर्यावर घरटी एक खूण असते. जाळ्याच्या बोयावर (पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडावर), वल्ह्यावर, पाण्याच्या पिंपावर ती कोरलेली असते. बापाची खूण पोराला येते. बोया वादळात वाहून पार रेवदंड्याला लागला, तरी तिथला कोळी खूण बघतो आणि ज्याचा त्याच्या दारात आणून टाकतो. त्याला कुणी विचारत नाही, तो कुणाला सांगत नाही. दुसऱ्याच्या खुणेची वस्त ठेवून घेणाऱ्याला कोळीवाड्यात कुणी चुलीचा विस्तवसुद्धा देत नाही. काळूरामाची खूण म्हणजे तीन उभे चरे आणि एक आडवा.

हे सगळं काळूरामानं नीट समजावून सांगितलं. अनंतरावांनी फक्त चरे बघितले. "झकास! सहीपेक्षा शूर दिसतं!"

त्या दिवसापासून संग्रह भरतीच्या पाण्यासारखा वाढला. बिल्ला (जपून ठेवायला म्हणून घेतलेला), खाकी कोटाची बटणं चार, बूट एक (डावा, उजवा बसऱ्याला राहिला). लढाईतल्या वस्तू इथंच संपल्या, पण उत्साह संपला नव्हता. मग अनंतराव आपल्याच घरच्या वस्तूंवर खूण करवून घेऊ लागले: वीराच्या खुणेची छत्री, वीराच्या खुणेचे सत्तावीस नारळ, आणि जिच्यावर वीर बसला नाही अशी एक खुर्ची (बसायला कुणी सांगितलं नव्हतं). शेवटी कपाटच राहिलं.

"मालक, नक्की ना? ह्या कपाटावर माजी खूण?" काळूरामानं हातातली सुरी थांबवून विचारलं.

"कर रे, कर! चांगली खोल कर."

"करतो. त्या दिसाचं येक सांगायचं ऱ्हाऊन गेलं मालक, दोर तुटला तवा गुणाजी..."

"काळूराम, चरा वाकडा जाईल. बोलू नकोस."

काळूरामानं नाही म्हटलं ते एकाच वस्तूला. तो होता जर्मनचा पेला. (जर्मन हे धातूचं नाव, अनंतरावांनी चिठ्ठीवर 'जर्मनांकडून जिंकून आणलेला' असं लिहिलं होतं.) पेला गुणाजीचा. गुणाजी नदीतच राहिला, आणि पेला काळूरामानं आणून त्याच्या आईला, सोनूबाईला दिला होता. तिच्याकडं लेकाचं म्हणून तेवढंच. अनंतरावांनी तो साहेबाला दाखवायला चार दिवसांसाठी म्हणून नेला, त्याला आता दोन वर्षं झाली होती.

"याच्यावर गुणाजीची खूण हाय," काळूराम म्हणाला. "येका वस्तीवर दोन खुना होत न्हाईत."

सोनूबाई सुक्या जवळ्याची पाटी डोक्यावर घेऊन महिन्याला एकदा थळहून नागावला चालत यायची. वाडीच्या बेड्यापाशी, फाटकाबाहेर, उभी राहायची.

"रावसायेब, माज्या लेकाचा पेला द्या. शेवटचं तीर्थ घ्यायला पन तोच पायजे मना."

"सोनूबाई, ती आता जिल्ह्याची ठेव आहे. मंडळाचा ठराव लागेल."

मंडळाची सभा झाली. अनंतरावांनी सूचना मांडली, पण अनुमोदनाच्या वेळी अनंतराव जेवायला गेले असल्यामुळं ठराव तहकूब झाला. असं नऊ वेळा झालं. इतक्या काटेकोरपणानं चालणारं दुसरं मंडळ त्या काळी जिल्ह्यात नव्हतं.

अखेर दिवस उगवला. मुंबईला लढाईच्या स्मरणाचं प्रदर्शन ठरलं, मोठे साहेब येणार होते, आणि किताबांची यादी त्याच साहेबांच्या टेबलावर होती. थळचा बुधाजी तांडेल आपला मचवा घेऊन नागावच्या किनाऱ्याला आला. कपाट, खुर्ची, नारळ, सगळं गवतात गुंडाळून मचव्यात चढलं. अनंतरावांना मचव्यात मळमळतं, म्हणून ते रेवसच्या आगबोटीनं पुढं गेले आणि नवी पगडी घालून, हातात हार धरून, भाऊच्या धक्क्यावर उभे राहिले.

मचवा दुपारी आला. रिकामा.

"सामान?" अनंतरावांनी मचव्यात वाकून बघितलं.

"पोचवलं, रावसायेब."

"कुठं पोचवलंस?"

"ज्याचं त्याच्या घरी," बुधाजी म्हणाला. "थळ वाटंतच हाय. गवत सुटलं, खूण बगितली. सगली काळूरामाची वस्त. त्याच्या दारात उतरवली. येक पेला गुणाजीच्या खुनंचा व्हता, तो सोनूबायला दिला. भाडं नको आमाला. खुनंच्या वस्तीचं भाडं घेत न्हाईत."

अनंतराव उलटपावली थळला आले. बोंबलांच्या मांडवाखाली शिसवी कपाट उभं होतं आणि त्याच्या वरच्या फळीवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. काळूराम जाळं विणत होता.

"काळूराम, हा दरोडा आहे!"

"आमी कुटं धरून ठेवलंय मालक? माजी खूण तासून काडा, आनि न्या."

अनंतरावांनी उभ्या उभ्या विचार केला. खूण ठेवली तर वस्तू वीराची. खूण तासली तर एक फाटकी छत्री, एक डावा बूट आणि कोंब आलेले सत्तावीस नारळ. असा पेच मंडळापुढं यापूर्वी आला नव्हता.

"बसा मालक," काळूरामानं ती खुर्ची पुढं सरकवली. "आलाव तसं ऐका तरी. त्या रोजी नदीत..."

"मला वेळ नाही," म्हणून अनंतराव सोनूबाईच्या झोपडीकडं वळले. ती उंबऱ्यात बसून पेल्यातनं चहा पीत होती. तिनं वर बघितलं, पेला दोन्ही हातांनी धरला आणि चहा सावकाश संपवला. अनंतराव गाडीत जाऊन बसले.

आता न्याय बघा. पंधरा दिवसांनी एका वर्तमानपत्रात बातमी आली: नागावच्या थोर संग्राहकानं आपला समग्र संग्रह एका गरीब वीराला दान केला. (बातमी कुणी पाठवली ते छापलं नव्हतं, अक्षर मंडळाच्या चिटणिसाचं होतं.) साहेबांनी ती वाचली आणि नव्या सालाच्या यादीत अनंतराव खरोखरचे रावसाहेब झाले. मग लांबलांबनं लोक वह्या घेऊन रावसाहेबांची सही मागायला नागावला येऊ लागले. जाता जाता कपाटाची रिकामी जागाही बघून जात.

तुम्ही आता अनंतरावांना हसताय. हसा, माणूस हसण्याजोगाच होता. सोनूबाईला पेला मिळाला म्हणून तुम्हाला बरंही वाटलं असेल. पण कपाट कुठल्या लाकडाचं, नारळ किती, बूट डावा की उजवा, हे सगळं तुम्हाला आता तोंडपाठ झालंय. काळूरामाला बिल्ला कशासाठी मिळाला, आणि त्या रोजी नदीत गुणाजीचं काय झालं, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत. तो सांगत होता. तीनदा तोंड उघडलं त्यानं. मागं जाऊन मोजा हवं तर.