ताईत काढावा किंवा कसे

सोमवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वजनमापे तपासणी कार्यालयातले आवक लिपिक आपल्या टेबलाशी बसल्या बसल्या बाराव्या तळघराच्या तोंडाशी येऊन पोचले. या प्रवासासाठी त्यांनी रजा टाकलेली नव्हती. समोर आवक नोंदवही उघडी होती, तिच्या आड फोन उभा होता आणि फोनवर एक खेळ चालू होता.

खेळ तसा साधा. एक वीर जमिनीखालच्या तळघरांतून खाली खाली उतरत जातो. सापडेल ते उचलतो, भेटेल त्याच्याशी लढतो. एकदा मेला की मेला. मग नवा वीर, रिकामे हात आणि पुन्हा पहिली पायरी. जगायचं तर एखादा देव धरून त्याची मर्जी सांभाळावी लागते, आणि ती किती जमली हे पडद्याच्या कोपऱ्यात ताऱ्यांनी दाखवतात. सहा तारे म्हणजे कळस.

आवकरावांना (कार्यालयात त्यांना याच नावाने ओळखत, खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं) हा खेळ बायकोने लावून दिला होता. ती बसने सहा तासांवरच्या गावात रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. त्या गावात वजनमापे कार्यालयाची शाखाही होती, आणि तिथे बदली मिळावी म्हणून आवकरावांनी केलेला अर्ज सहा वर्षं विचाराधीन होता. "अर्जाला आता दात आले असतील," असं ती फोनवर म्हणायची, "पुढच्या वर्षी शाळेत घालू या." तोवर दोघांनी आपापल्या गावी एकच खेळ खेळावा आणि रात्रीच्या फोनवर एकमेकांच्या वीरांची ख्यालीखुशाली विचारावी, असा संसार चालला होता.

तर बारावं तळघर. वीराच्या गळ्यात श्रद्धेचा ताईत होता. तो घातला की देवाची कृपा दुप्पट वेगाने जमते. पण घातलेला काढला की देव रुसतो आणि जमलेल्या कृपेचा तिसरा हिस्सा जागच्या जागी कापून घेतो. इकडे बाराव्या तळघरात हिरवं विषारी धुकं साचलेलं. विष न बाधणारा दुसरा ताईत वीराच्या पिशवीत होता. पण गळा एक, आणि नियमाप्रमाणे एका गळ्यात ताईतही एकच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दुसऱ्या कोणी बोट दाबून काय ते ठरवलं असतं. आवकरावांनी तेवीस वर्षांच्या सेवेत स्वतःहून काही ठरवल्याची नोंद नाही. त्यांनी सवयीने कोरा कागद ओढला, डाव्या बाजूला समास सोडला आणि टिपणी लिहिली. विषय : ताईत काढावा किंवा कसे. ताईत धारण केल्यास देवाची कृपा दुप्पट वेगाने वाढते. काढल्यास जमा कृपेपैकी एक तृतीयांश तात्काळ जप्त होते. सबब धारण करणारा तो सहसा काढत नाही, असा अनुभव आहे. आदेशार्थ सादर.

एवढं लिहून ते चहाला गेले, आणि तिथेच घोटाळा झाला. समास सोडलेला आणि 'आदेशार्थ सादर' असलेला कागद टेबलावर दिसला की तो उचलून साहेबांपुढे ठेवायचा, हे तिथल्या शिपायाचं काम होतं आणि तो कामाला चोख होता. आवकराव परत येईतो कागदही परत आला होता. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं : 'उत्तम कल्पना. सर्वांना लागू करावे.' खाली सही.

'देव' म्हणजे कोण, याबद्दल साहेबांनी खुलासा मागवला नव्हता.

आवकराव धावत केबिनमध्ये गेले. हा कागद खासगी आहे, असं सांगायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण मग कचेरीच्या वेळेत कसला खासगी कागद, हा पुढचा प्रश्न त्यांना दिसत होता. साहेब उठून उभे राहिले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आवकराव, वीस वर्षं मी नुसता साहेब होतो हो."

पंधरवड्यात योजना उभी राहिली. भांडार सांभाळणाऱ्या बाईंकडे, म्हणजे भांडारबाईंकडे, मापांवर ठोकायच्या पितळी चकत्या पडून होत्या. त्यांवर कार्यालयाचा शिक्का मारला, सीलबंद पुड्यांना बांधायचा सुतळीदोरा ओवला आणि सही घेऊन एकेकाच्या गळ्यात एकेक ताईत अडकवला. भिंतीवर फळा लागला, नावापुढे तारे. साहेब येण्याआधी उभं राहणं, साहेबांचा विनोद संपण्याआधी हसणं, साहेबांनी विचारण्याआधी 'हो' म्हणणं, या सगळ्याची कृपा जमू लागली. रजा, खिडकीजवळची खुर्ची, बढती, बदली, सगळं ताऱ्यांवर. बदलीला सहा तारे लागत. हे वाचल्यावर आवकरावांनी मुकाट्याने मान पुढे केली.

पहिली अडचण अंघोळीची. सुतळी भिजली की फुगे आणि दिवसभर मानेला कुरतडे. टंकलेखिकाबाई अंघोळीच्या वेळी गळ्याभोवती प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळू लागल्या. मग जमाखर्च लिपिकाच्या न्हाव्याने दाढी करताना नकळत दोरा कापला. तिसरा हिस्सा गेला. ताईत मी काढला नाही, असा अर्ज त्याने केला, त्यावर निर्णय आला : 'ताईत कोणी काढला हा प्रश्न गैरलागू. तो निघाला.' त्या दिवसापासून सगळं कार्यालय दाढी राखू लागलं. पुढे शिपायाला गालगुंड झालं. मान सुजली, दोरा रुतला. दोरा कापतो, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, त्यापेक्षा मान बघा ना थोडी कमी करता येते का."

गंमत अशी, की सगळ्यांचीच कृपा दुप्पट वेगाने वाढत असल्यामुळे कोणीच कोणाच्या पुढे जात नव्हतं. फळ्यावरचा क्रम योजनेआधी होता तोच राहिला. फरक इतकाच, की आता काढणारा तेवढा मागे पडे. म्हणून काढायचा नाही. कामाचं म्हणाल, तर बाजारातले तराजू आपल्या मनाने झुकत होते. त्यांच्याकडे बघायला वेळ कोणाला होता? सगळे एकमेकांचे गळे बघत होते.

पाच महिने आवकराव हसले, उठले, 'हो' म्हणाले. एका गुरुवारी त्यांच्या नावापुढे सहावा तारा लागला आणि शुक्रवारी बदलीचा आदेश निघाला. सहा वर्षांचा अर्ज एका रात्रीत पदवीधर झाला. त्यांनी बायकोला फोन केला. तिने फक्त दुसरी उशी आणली असल्याचं कळवलं.

सोमवारी कार्यमुक्त व्हायला ते भांडारबाईंकडे गेले. बाईंनी नियम दाखवला : ताईत ही कार्यालयाची वस्तू, ती जमा केल्याशिवाय कार्यमुक्ती नाही. आवकरावांनी ताईत काढून टेबलावर ठेवला. बाईंनी पोच दिली आणि फळ्याकडे जाऊन दोन तारे पुसले.

"बाई, हे काय?"

"काढलात ना."

"तुम्हीच सांगितलंत म्हणून काढला!"

"भाऊ, मी काढा म्हटलं नाही. जमा करा म्हटलं." बाईंच्या आवाजात खरीखुरी माया होती. "आता चारच तारे राहिले, म्हणजे बदली रद्द. पण चिंता करू नका, हा पुन्हा घाला. याने भराभर वाढतात."

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा सहा तारे, आदेश, जमा, चार तारे. दुसऱ्या खेपेला आवकरावांनी ताईत न काढता स्वतःच भांडारात जमा होऊन बघितलं. बाईंनी त्यांना संध्याकाळपर्यंत फडताळाजवळ बसवूनही घेतलं. पण मालसाठ्याच्या वहीत 'लिपिक' असा रकाना नव्हता. तिकडे ती दुसरी उशी आठ महिने कोऱ्या अभ्र्यात पडून होती.

शेवटी बायकोनेच तोड काढली. "अहो, तुमची बदली होत नाही ना? मग ताईताची मागा."

तेव्हा आवकरावांना आपला धंदा आठवला. मुख्य कार्यालय शाखांना प्रमाण वजनांचे नमुने पाठवतं. नमुना सीलबंद जातो आणि वेष्टन वाटेत उघडता येत नाही. त्यांनी समास सोडला. विषय : शाखेस प्रमाण ताईत पाठवण्याबाबत. शाखेत योजना लागू करायची तर नमुना हवा. वापरातला, सहा तारे मिळवलेला असा नमुना उपलब्ध आहे. तो वेष्टनातून काढल्यास त्याचा एक तृतीयांश गुण नष्ट होतो, सबब वेष्टनासह पाठवावा. वेष्टन : मान, एक, तिला जोडून आलेले इतर भाग. आदेशार्थ सादर.

आपली कीर्ती शाखेपर्यंत जाणार, एवढंच साहेबांनी वाचलं. सही झाली. भांडारबाईंनी आवकरावांच्या मानेमागे दोऱ्याच्या गाठीवर लाख ओतली, शिक्का मारला, आणि चटका बसला तेव्हा फुंकरही घातली. त्यांच्या शर्टाच्या खिशाला चिठ्ठी लावली : 'वेष्टन सात दिवसांत परत करावे.' बसमध्ये वाहकाने चिठ्ठी वाचून सामानाचं तिकीट फाडलं, आणि आवकराव सहा तास स्टेपनीशेजारी उभे राहून गेले. तेवीस वर्षांत इतका सुखाचा प्रवास त्यांनी केला नव्हता.

शाखेतल्या लिपिकाने माल तपासला, लाख शाबूत असल्याचं पाहिलं आणि पोच लिहिली : 'नमुना वेष्टनापासून सुटा करता येत नाही, सबब दोन्ही ठेवून घेतले. वेष्टन परत करण्याबाबत मार्गदर्शन व्हावे.' हे मार्गदर्शन मुख्य कार्यालयात विचाराधीन आहे. बायकोने हिशेब केला : कागदाची चाल पाहता सहा वर्षांची निश्चिंती. शाखेत फळा नव्हता, तारे नव्हते. शाखेचे साहेब नमुना पाहून म्हणाले, "छान आहे," आणि आवकरावांना मापं तपासायला बाजारात पाठवून मोकळे झाले.

रविवारी सकाळी दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. चहा झाला होता. बायको म्हणाली, "आता तरी काढा तो. मान बघा कशी झालीय. इथे कोण मोजतंय?"

"कोणी नाही," आवकराव म्हणाले. "पण मोजत नाहीत, असं लेखी कुठे दिलंय?"

तिने विषय वाढवला नाही. आवकरावांनी फोन काढला. खेळ होता तिथेच थांबलेला होता. आदेशाची वाट बघत वीर वर्षाहून जास्त काळ बाराव्या तळघराच्या तोंडाशी उभा होता. समोर हिरवं धुकं. कोपऱ्यात सहा तारे. बायको खांद्यावरून वाकून बघू लागली.

"हा ताईत काढला तर काय होतं हो?"

"तिसरा हिस्सा जातो."

"आणि नाही काढला तर?"

"मरतो."

"मग?"

आवकरावांचं बोट एकदा ताईताकडे गेलं, परत आलं. मग त्यांनी वीराला तसाच धुक्यात नेला. वीर चार पावलं चालला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'तू मेलास. देव तुझ्यावर अत्यंत प्रसन्न होता.'

"सहाच्या सहा राहिले," आवकराव म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

बायको हसत सुटली. टेबल धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. असाही माणूस असतो म्हणाली. आणि हसता हसता तिचा हात आपल्याआपण गळ्यातल्या रुग्णालयाच्या ओळखपत्राकडे गेला, जे रविवारी, घरात, चहाच्या टेबलाशीसुद्धा तिथे होतं. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कोणाचा तरी हात आत्ता असाच गळ्याकडे, खिशाकडे किंवा फोनकडे गेला असेल, तसाच गेला. काढायला नव्हे. आहे ना जागेवर, हे बघायला.