साळिंदरणीनं मागितलेली माफी

एका जंगलात, बाळगोपाळांनो, भर वैशाखात एकच तळं उरलं होतं. तहान लागली म्हणून कुणी उठू नका हं, गोष्टीत सगळ्यांनाच लागली आहे!

तळ्याच्या या काठाला साळिंदरं, त्या काठाला रानडुकरं. दोघांचं पिढीजात वैर. पाणी कुणाचं हे ठरेपर्यंत कुणीच तोंड लावायचं नाही, असा करार झालेला. इकडे तुळसा साळिंदरणीची पिल्लं तहानेनं कासावीस झाली होती. तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

निवाड्याला बगळेबुवा बसले. बसले कसले, पाण्यात एका पायावर उभे राहिले.

"पाण्याचं मागाहून बघू," ते म्हणाले. "आधी इतिहास."

"यांच्या पणज्यानं आमचे कंद चोरले!" रानडुकरांचे पुढारी दंताजीराव गरजले.

"त्याआधी यांच्या खापरपणज्यानं आमची बिळं उकरली!" साळिंदरांचे काटेअण्णा फणफणले.

"आणि त्याच्याही आधी?" बगळेबुवांनी विचारलं आणि एक मासा मटकावला.

दुपार कलली. बगळेबुवांचं पोट चांगलं टम्म झालं. शेवटी तुळसाच पुढे झाली.

"चुकलं हो आमच्या पणजोबांचं. हात जोडते, दंताजीदादा. आता पोरांना पाणी पिऊ द्या."

दंताजीराव मटकन खाली बसले.

"अगं बये, काय केलंस हे! त्या चोरलेल्या कंदांवरच माझं पुढारीपण चाललंय. आता मी करू काय?"

"कुणाला विचारून माफी मागितलीस गं?" काटेअण्णा तुळसावर खेकसले. "उद्या त्यांनीही मागितली, तर मी कुठं जाऊ?"

"या बाईनं आपल्या दोघांवर अन्याय केलाय, अण्णा!"

"अगदी खरं बोललात, राव!"

जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. दोघं धावत पलीकडच्या वडाखाली गेले आणि आनंदानं कडकडून भेटले. आता साळिंदराला मिठी मारली की जे व्हायचं, तेच झालं.

"अयाई गं! दगा! दगा!"

"आधी मिठी कुणी मारली?"

"वा, वा!" म्हणत बगळेबुवाही उडत तिकडे गेले. "चला, नव्यानं सुरुवात करू."

नवाकोरा अन्याय ऐकायला दोन्हीकडची मंडळी वडाखाली लोटली. तळ्यावर चिटपाखरू उरलं नाही. तुळसानं पिल्लांना खुणावलं. समोरून एक डुकरीणही आपली पिल्लं घेऊन हळूच आली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि पोरं पोटभर पाणी प्यायली.

तात्पर्य: जुन्या अन्यायाची माफी मागून कुणाच्या पोटावर पाय देऊ नये. तहान लागलीच, तर पुढारी भांडत असताना गुपचूप पिऊन घ्यावं.