एल्डनचं नाक

एल्डन देरोशेचं नाक सात वर्षांपूर्वीच गेलं होतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चांगलं ठसठशीत होतं, पण हॉप्स, म्हणजे बिअरला वास देणारी वेलीवरची फुलं, वाळवायच्या भट्टीत जन्म घालवल्यावर त्याला वास म्हणून काही येत नव्हता. हॉप्सवर जगणाऱ्या मॉक्सीसारख्या गावात हे बोलायची सोय नाही. दरवर्षीच्या ताज्या हॉप्सच्या बिअर-स्पर्धेचा मुख्य परीक्षक तो, आणि त्याच्याआधी त्याचा बाप. खुर्ची सुटली असती तर शेजारच्या खुर्चीतल्या रस्टीला मिळाली असती, आणि त्यापेक्षा एल्डनला मरण परवडलं असतं.

म्हणून बायको कॉलीन पहिल्या रांगेत बसे. घोटभर बिअर प्रेक्षकांनाही मिळायची, तीही परीक्षकांच्या आधी. तिने कान खाजवला की उत्तम, मान खाजवली की बरी, नाक खाजवलं की फेकून द्या. एल्डन डोळे मिटल्याचं सोंग करून बघायचा.

यंदा मात्र हॉप्सच्या तोडणीला माणूस कमी पडला आणि कॉलीन सकाळी उघड्या हातांनी वेल ओढायला गेली. त्या वेलीला बारीक कुसं असतात. दुपारपर्यंत तिच्या अंगभर पुरळ उठलं.

"अगं, मलम तरी लाव," हॉलच्या दारात एल्डन म्हणाला.

"आणि मलमाच्या वासात बिअर कशी कळायची मला? एक नाक गेलंय घरातलं, तेवढं पुरे."

पहिल्या दोन बिअर सुखरूप पार पडल्या. तिसरीला कॉलीनने मान खाजवली, मग नाक, मग कान.

"बरी आहे," एल्डन म्हणाला. "म्हणजे वाईटच आहे. पण उत्तम."

"नक्की काय लिहू?" रस्टीने विचारलं.

"तिन्ही लिही."

चौथा पेला हॉल सांभाळणाऱ्या बर्निसबाईंनी प्रेक्षकांना न देता थेट परीक्षकांपुढे ठेवला. तिकडे कॉलीन दोन्ही हातांनी दोन्ही कान ओरबाडत होती. एल्डनला भरूनच आलं. एक घोट घेऊन तो उभा राहिला.

"मंडळी, अशी बिअर मी जन्मात प्यायलो नाही. ही एका मळ्याची चव नव्हे. अख्खं खोरं उतरलंय यात."

"मी हेच म्हणणार होतो," रस्टी लिहिता लिहिता म्हणाला.

बर्निसबाईंनी हातातल्या बिअरच्या जगकडे पाहिलं. "अगं बाई, हा उष्ट्याचा जग. तुम्ही सगळ्यांनी पेल्यात उरलेली ओतलीत ना, तो."

एल्डनने मनातल्या मनात खुर्ची रस्टीला देऊन टाकली.

तेवढ्यात मागून एक म्हातारा म्हणाला, "पण ओळखलं की गड्यानं. आतापर्यंत आलेल्या सगळ्या मळ्यांची होती की त्यात."

टाळ्या थांबेनात. तिथल्या तिथे ठराव झाला, एल्डन तहहयात मुख्य परीक्षक.

निघताना रस्टीने दोघांना गाडीपाशी गाठलं. टोपी काढून तो कॉलीनला म्हणाला, "वहिनी, पुढच्या वर्षी तोडणीला जाऊ नका बरं. मलाही चार वर्षं झाली, वास कशाचा येत नाही. तुम्ही एवढ्या भराभर खाजवलंत तर मी बघून लिहायचं कसं?"