मधल्या खुर्चीची नोकरी

मगदूम बंधूंच्या ऑफिसात लागून तीन आठवडे झाले, तेव्हा कुठं क्रांतीच्या डोक्यात प्रकाश पडला की आपल्याला टायपिंगसाठी घेतलेलं नाही, चालण्यासाठी घेतलंय.

शाहूपुरीतल्या त्या शेतीपंपांच्या दुकानामागं ऑफिसची एकच खोली. एका भिंतीला थोरल्या आण्णांचं टेबल, समोरच्या भिंतीला धाकट्या तात्यांचं आणि मधोमध क्रांतीची खुर्ची. भाऊ सख्खे, धंदा एक, तिजोरी एक. पण चार वर्षं एकमेकांशी बोलणं बंद. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. कुरुंदवाडला भावकीतल्या एका लग्नात आण्णांना फेटा बांधला आणि तात्यांपर्यंत येईस्तोवर फेटे संपले. "सख्ख्या भावानं सोताचा उतरून दिला न्हाय," हे तात्यांचं दुखणं. "बांधलेला फेटा कोण उतरतंय व्हय?" हा आण्णांचा सवाल. झालं, तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना.

"क्रांतीताई, तात्यास्नी सांगा, नेसरीची मोटर आज जाणार न्हाय."

तात्या चार हातांवर बसून सगळं ऐकत असायचे. पण क्रांतीनं उठून, त्यांच्या टेबलापाशी जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हटल्याशिवाय ते त्यांच्या कानात शिरत नसे. मग तात्या म्हणायचे, "आण्णास्नी सांगा, जाणार म्हंजे जाणार." की क्रांती निघाली परत. आधीच्या दोन बायका गुडघेदुखीचं कारण सांगून गेल्या होत्या, ते उगीच नव्हे!

पण क्रांतीला ही नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती. लग्नाआधी ती एका वकिलाच्या ऑफिसात होती; मग राजवीर झाला, आदर्श झाला आणि डबे, शाळा, ताप, खोकला यांत बारा वर्षं कुठं गेली कळलंच नाही. पुन्हा नोकरी करते म्हटल्यावर सासूबाई, म्हणजे झुंबरबाई, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या, "महिन्याच्या आत माघारी न्हाय आली तर माझं नाव बदला!" ते वाक्य क्रांतीच्या जिव्हारी लागलं होतं. शिवाय सकाळी खांद्याला पर्स अडकवून बाहेर पडताना काय बरं वाटायचं! तिथं ती राजवीरची आई नव्हती, झुंबरबाईंची सून नव्हती, क्रांतीताई होती. त्यासाठी दिवसभर चालावं लागलं तर चालू की, त्यात काय!

त्या दिवशी नेसरीचे गुंडू पाटील मोटर न्यायला स्वतःच आले. उसाला पाणी नव्हतं, डोकं तापलेलं.

"क्रांतीताई, तात्यास्नी सांगा, पावण्यास्नी उद्या बोलवा."

"आण्णास्नी सांगा, पावणं काय रोज नेसरीस्नं यायला रिकामं हाईत?"

क्रांतीच्या सात-आठ फेऱ्या झाल्या. गुंडू पाटलांची मान टेनिस बघितल्यासारखी इकडून तिकडं फिरत होती. तेवढ्यात क्रांतीचा फोन वाजला. घरी पोरांना सुट्टी होती आणि टीव्हीच्या रिमोटवरून रणकंदन माजलं होतं. एक म्हणत होता, "मम्मी, ह्यानं मला चावलं!" आणि दुसरा म्हणत होता, "आधी त्यानंच!"

"गप बसा दोघं!" क्रांती कडाडली. "एक शब्द बोलायचा न्हाय!" तिनं फोन आपटून बंद केला.

फोन बंद झाला, पण क्रांती काही बंद होईना. समोर बघते तर दोघं तोंडं फुगवून बसलेले. जीभ सुटली ती सुटलीच.

"आणि तुम्ही काय बघतासा? लाज वाटत न्हाय, एवढं घोडं झालासा तरी भांडायला? उठा! कान धरा! सॉरी म्हणा एकमेकांला! न्हाईतर संध्याकाळी दोघांलाबी जेवायला मिळणार न्हाय, सांगून ठेवते!"

क्रांतीला आपण काय बोललो ते हळूहळू कळायला लागलं. संपलं! सासूबाईंचं नाव काही बदलायला लागत नाही आता.

आणि काय नवल! साठीतले आण्णा खुर्चीतून उठले. त्यांचा हात आपोआप कानाकडं गेला. तिकडं तात्याही उठले.

"चुकलं, तात्या," आण्णा म्हणाले.

"माझंबी चुकलं, आण्णा."

"आपली अव्वा अगदी अशीच वरडायची रं," म्हणत आईच्या आठवणीनं आण्णा पुढं झाले. दोघं भाऊ खोलीच्या मधोमध एकमेकांच्या गळ्यात पडून मुसमुसायला लागले. क्रांतीही पदर डोळ्याला लावून उभी.

"मग मोटर आज मिळती म्हणायची की न्हाय?" गुंडू पाटलांनी विचारलं.

मोटर मिळाली. दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी दोन्ही टेबलं एकमेकांना जोडली आणि अडचण होते म्हणून क्रांतीची खुर्ची झेरॉक्स मशीनच्या मागं गेली. दोघं भाऊ दिवसभर अखंड बोलत. चार वर्षांचं साठलेलं होतं ना! बिलं कॉम्प्युटर काढायचा, फोन दोघं स्वतःच घ्यायचे. क्रांती आपली मशीनवरची धूळ पुसत बसायची. घरीही नेमकी तेव्हाच पोरं शहाण्यासारखी वागायला लागली होती. बोलायचं म्हणून कुणी राहिलं नव्हतं.

महिना संपायला आला तसं आण्णांनी तिला बोलावलं. कोल्हापूरचा माणूस, आडपडदा कसला!

"क्रांतीताई, तुमी आमचं घर जोडलंसा. उपकार हाईत तुमचं. पर आता आमीच बोलतोय म्हटल्यावर तुमाला काम काय उरलं? एक तारखेपास्नं येऊ नका."

"साडी देणार हाय तुमाला," तात्या म्हणाले. "चांगली भारीतली."

क्रांतीला रडूच आलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती तिनं, आणि वर भारीतली साडी!

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकानाचा नवा टेम्पो यायचा होता. "जाता जाता पूजेचं तेवढं आणा," आण्णांनी सांगितलं. हार, उदबत्त्या घेऊन क्रांती नारळांच्या ढिगापुढं उभी राहिली आणि तिच्या मनात पाप आलं. एकच नारळ न्यावा. मान एक आणि भाऊ दोन. बघू दे मजा. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. नोकरी गेली तर गेली, घर मोडायचं पाप नको. तिनं चांगले पाणीदार दोन नारळ निवडून घेतले.

टेम्पोला हार चढला. ड्रायव्हर हात जोडून उभा राहिला. क्रांतीनं दोघा भावांपुढं एकेक नारळ धरला.

"तात्या, फोड. आधी तू."

"छे छे! थोरलं तुमी. आधी मान तुमचा."

"आरं, मी देतोय न्हवं तुला?"

"मीबी तुमालाच देतोय की!"

"थोरल्याचा शब्द मोडतोस?"

"मान दिला तर लाथाडतासा व्हय?"

"मग न्हायच फोडत मी जा!"

"मलाबी काय गरज पडलीया?"

दोघांनी एकमेकांकडं पाठी फिरवल्या. टेम्पो तसाच, ड्रायव्हरचे हात तसेच. गल्लीतलं कुत्रं तेवढं भुंकायचं राहिलं होतं, तेही भुंकलं.

"क्रांतीताई," आण्णा भिंतीकडं बघत म्हणाले, "त्यास्नी सांगा—"

क्रांतीला दोघांची खरंच कीव आली. एकदा नुसतं 'गप बसा दोघं' म्हटलं असतं तर दोघांचे हात पुन्हा कानाला गेले असते. तिला ते पक्कं ठाऊक होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. तिनं ते गिळले, पर्स खांद्यावरून काढून आत टेबलावर ठेवली आणि अदबीनं परत आली.

"काय सांगू, आण्णा?"