बिरांगा तळ्यातला जेलीफिश

शर्यतीला तासभर उरला असताना डेल्मा प्राऊसने लाइफ जॅकेट सैल केलं, आत हात घातला आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली. डावीकडे काहीच नव्हतं.

तसं पाहिलं तर दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशननंतर डावीकडे काही उरलंच नव्हतं. पण तिथे सिलिकॉनचा एक चांगला गुबगुबीत ऐवज असायचा, आणि संघाच्या गुलाबी बनियनला आतून त्याच्यासाठी खिसा शिवलेला होता. सकाळी घाईघाईत दोरीवरून बनियन ओढून, वर जॅकेट आवळून ती सरावाला पळाली होती. आता खिसा रिकामा होता, म्हणजे ऐवज वल्हवताना निसटून तळ्यात गेला, हे उघड होतं.

नावेत वीस बायका, आणि वीसही जणींचा कॅन्सर एकाच जागचा. व्यायामाने मन उभारी धरतं असं सांगून डॉक्टरांनी डेल्माला इथे पिटाळलं होतं. गोल करून बसवतील आणि रडायला लावतील, अशी तिची खात्री होती. प्रत्यक्षात वल्हवताना रडायला दम उरत नाही. बायका सगळा वेळ कॅप्टनच्या नावाने खडे फोडायच्या, आणि काठावर उतरेपर्यंत डेल्माला आठवड्याभरात प्रथमच कडकडून भूक लागलेली असायची. तिच्या शेजारी वेंडा बसायची. ती इतके चावट विनोद सांगायची की डेल्माचं वल्हं चुकायचं. यंदाच्या थंडीत वेंडा गेली. आज शर्यत संपली की सगळ्या नावा एकत्र येणार होत्या आणि बायका तिच्यासाठी पाण्यात गुलाबी फुलं सोडणार होत्या. डेल्मा आली होती ती त्या फुलांसाठी. शर्यतीत शेवटचा नंबर ठरलेलाच होता.

कॅप्टन मर्ल मात्र हार मानणारी नव्हती. सकाळी सरावाची नाव सुटण्याआधी गुडघाभर पाण्यात वाकून तिने प्रत्येकीची पकड तपासली आणि नेहमीचं प्रवचन दिलं. "लपवालपवीनेच मन आजारी पडतं, पोरींनो. जे आहे ते आहे, ताठ मानेने मिरवा." तिचं स्वतःचं म्हणे नुसती गाठ काढण्यावर भागलं होतं, त्यामुळे तिला मिरवायला काही अडचण नव्हती. डेल्मा दर वेळी मान डोलवायची आणि घरी जाऊन कडी लावून कपडे बदलायची. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर क्लाइव्हने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला या दोन वर्षांत एकदाही तशी पाहिली नव्हती.

ती खिसा चाचपत असतानाच शिट्टी वाजली. काठावरचा स्वयंसेवक नेव्हिल, निवृत्त पीटीचे मास्तर, हात पसरून लोकांना मागे हटवत होता. पाण्याच्या कडेला त्याला जेलीफिश सापडला होता. गोल, पारदर्शक, एका बाजूने सपाट, आणि असा प्रकार त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्याअर्थी तो विषारी होता.

नेव्हिलने नियमाप्रमाणे त्याच्यावर बाटलीभर व्हिनेगर ओतलं. जेलीफिश हलला नाही, त्यामुळे तो दबा धरून बसला आहे असं ठरलं. भोवती चार खुंट्या ठोकून दोरी बांधली गेली. एका बाईला आठवलं की तिचे पाय सकाळपासून चुरचुरतायत. मग सॉसेज भाजणारा ट्रेव्हर, जो पाण्यात उतरलाच नव्हता, पोटरी धरून आडवा झाला, आणि उरलेलं व्हिनेगर त्याच्यावर संपलं. शेवटी भोंग्यावरून सांगण्यात आलं की तळं बंद, शर्यत रद्द, कुणीही पाण्यात जाऊ नये.

फुलांची बादली नावेशेजारी तशीच पडून होती. डेल्माने तिच्याकडे पाहिलं आणि तिला भडभडून आलं. गप्प राहिलं तर झाकली मूठ राहत होती, पण वेंडाची फुलं बादलीतच सुकणार होती. आणि हे वेंडाला कळलं असतं तर हसून हसून तीच नावेतून पडली असती. डेल्मा दोरीखालून आत शिरली.

"डेल्मा, मागे हो," नेव्हिल ओरडला. "चावेल तो."

"नाही चावणार. माझा आहे."

"जेलीफिश पाळलायस तू?"

"जेलीफिश नाहीये तो, नेव्हिल. माझी छाती आहे. डावी."

काठावर अशी शांतता पसरली की तव्यावरचे सॉसेज तडतडताना ऐकू आले. नेव्हिलने टोपी काढली, मग कशासाठी काढली ते न कळून पुन्हा घातली. ट्रेव्हर उठून बसला आणि पोटरी झटकून आपल्या तव्याकडे गेला. मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग संघातल्या बायकांनी अख्खा काठ डोक्यावर घेतला. डेल्माच्या कानशिलांपर्यंत आग पोचली होती, पण आतून मात्र तिला विलक्षण हलकं वाटत होतं.

तिने ऐवज उचलला, पाण्यात खळबळून धुतला आणि हातात फिरवून पाहिला. चपलांसारखं यातही डावं-उजवं असतं. हा उजवा होता.

तिने मान वर केली. सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. फक्त मर्ल छातीशी हातांची घट्ट घडी घालून दूरच्या पेलिकनकडे मोठ्या अभ्यासाने बघत होती. भोंग्यावरून तळं पुन्हा खुलं झाल्याचं आणि शर्यत होणार असल्याचं सांगण्यात आलं. नावेत चढताना डेल्माने तो ऐवज टॉवेलात गुंडाळून मर्लच्या मांडीवर ठेवला. "कॅप्टन, तुमचा टॉवेल पडला होता," एवढंच म्हणाली. मर्लने त्या दिवशी दुसरं प्रवचन दिलं नाही.

शर्यतीत त्या शेवटच्या आल्या. मग नावा एकमेकींना लागल्या, फुलं पाण्यावर पसरली, आणि डेल्मा पोटभर रडली. इथे दम लागायचा प्रश्न नव्हता.

घरी आली तेव्हा क्लाइव्ह अंगणात धुणं काढत होता. दोरीवर त्याच्या पायमोज्यांच्या आणि चादरीच्या मधोमध, रस्त्यावरून सहज दिसेल असा, तिचा डावा ऐवज दोन चिमट्यांना लटकत होता.

"काल बनियनच्या खिशात राहिला होता," क्लाइव्ह म्हणाला. "मशीनमध्ये खराब होईल म्हणून हाताने धुतला."

"आणि असा बाहेर टांगलास?"

"नेहमी इथेच टांगतो की. तू दर दोन-चार आठवड्यांनी विसरतेस, मी वाळवून परत खिशात ठेवतो. काल तेवढा ठेवायचा राहिला." त्याने चादरीची घडी घातली. "शेजारचा बर्ट म्हणत होता, सावलीत वाळव, टिकतो जास्त. त्याच्या बहिणीचाही आहे."

डेल्मा पायरीवर मटकन बसली. दोन वर्षं ती कडी लावत होती, आणि सगळी गल्ली तिचं वाळवण बघत होती. तिला इतकं हसू आलं की क्लाइव्ह घाबरून पाणी आणायला निघाला.

दारातून तो वळला. "अगं हो, मर्लचा फोन होता. व्हिनेगरचा वास कशाने जातो, विचारत होती. काय सांगू तिला?"

"सांग, साबणाने धुऊन उन्हात घाल म्हणावं," डेल्मा डोळे पुसत म्हणाली. "पुढच्या अंगणात. दोन चिमटे लावून."