जग मागच्या बाकावर बसतं

म्हात्रेबाईंनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आभार मानले नाहीत. बाई कृतघ्न नव्हत्या, त्यांचा विरोध होता तो आभारप्रदर्शनाला. शिक्षकांचा कुठलाही कार्यक्रम घ्या, प्रास्ताविक सरांचं, सूत्रसंचालन सरांचं, अध्यक्षीय भाषण तर मोठ्या सरांचंच. बायकांच्या वाट्याला रांगोळी, स्वागतगीत आणि शेवटी आभार. "आभार सुरू झाले की लोक चपला शोधतात," बाई म्हणायच्या. "बोलायचं तर लोक बसलेले असताना बोला गो!"

पेणजवळच्या शाळेत आम्ही सात वर्षं एकत्र होतो. मी रोह्याहून यायची, त्या रामवाडीहून. मधल्या सुट्टीत आम्हा चौघी शिक्षिकांचे डबे उघडले की बाईंचा पेपर उघडायचा.

"ह्या देशात मुलींच्या शाळा बंद केल्या. तुझं मत काय गो?"

"माझं काय मत असणार, बाई?"

"वालाच्या बिरड्यात मीठ कमी हाय, ह्याचं मत हाय ना तुला? मंग ह्याचं का नाय?"

मत दिल्याशिवाय सुटका नसे. एकीने एकदा वैतागून 'मी तटस्थ' असं सांगितलं, तर तिला दोन दिवस बाईंच्या डब्यातलं लोणचं मिळालं नाही.

सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय समुद्र. बाईंचं माहेर खाडीकाठचं. त्या आठ वर्षांच्या असताना उधाणाने बांध फुटला आणि वडिलांच्या भातशेतीत खारं पाणी शिरलं. त्या जमिनीत पुन्हा भात झाला नाही. "कोणी इचारायला आला नाय," एवढंच त्या सांगायच्या. पण जगाच्या पाठीवर कुठल्याही बेटावर शेतात समुद्र घुसल्याची बातमी आली, की तिचं कात्रण आमच्या फळ्याशेजारी लागलंच म्हणून समजा.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षिकांची ऑनलाइन सभा ठरली. विषय होता समुद्र आणि शाळा. बाईंनी मला न विचारता माझं नाव कळवून टाकलं. "तुला इंग्रजी येतं. आमच्या बांधाचं सांग त्यांना."

मग तीन आठवडे शाळा सुटल्यावर तालीम. मी फळ्यापाशी आणि बाई मागच्या बाकावर, पहिलीच्या पोरांच्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून.

"मी जग. बोल."

मी सुरुवात केली की मागून ओरड, "जगाला ऐकू येत नाय!" एकदा अडखळून मी 'सॉरी' म्हटलं तर म्हणाल्या, "जगाला सॉरी म्हणायचं नाय. जगानं आपल्याला म्हणायचं." इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण मी कुठे घाबरले ते नेमकं कळायचं.

सभा रविवारी दुपारी होती. एवढ्या देशांच्या बायका आणि त्यांच्यापुढे माझं रोह्याचं इंग्रजी! शेवटी मी फोन केला. "बाई, घरी अचानक पाहुणे आलेत. जमणार नाही मला."

पाहुणे कसले? नवरा कंपनीत शिफ्टला गेलेला, सासूबाई देवळात. मला कुणीही अडवलं नव्हतं आणि तेच अजून बोचतं.

"बरं," बाई म्हणाल्या. "पाहुण्यांचं कर."

पुढे त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या.

गेल्या महिन्यात रामवाडीला त्यांच्याकडे गेले. घरात त्या एकट्याच. चहा पिता पिता मी एकदाचं खरं सांगून टाकलं.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तुझा आवाजच पडला होता."

"मग तुम्ही का नाही बोललात? मराठीत बोलायचं!"

"मला कुठं येतं गो भाषण? समोर माणसं बघितली की सगळं इसरते मी. येत असतं तर तुला कशाला छळली असती?"

सात वर्षं आम्हाला ढकलत होती ती बाई ही!

"पण त्या सभेला शेवटपर्यंत बसले मी," त्या पुढे सांगू लागल्या. "शाळेतल्या सरांनी लॅपटॉप लावून दिला नि गेले. सभावाल्यांनी तुझं नाव पुकारलं, थोडी वाट बघितली, मंग पुढं गेले. नंतर एक बाई आली, कुठल्यातरी बेटावरची. एक अक्षर कळलं नाय मला. पण तिनं हात असा धरला." बाईंनी आडवा हात छातीशी धरला. "पाणी इथवर आलं, म्हणत होती. मी ताडकन उठले. आमच्याकडं इथवर, म्हणून मी पण दाखवलं."

त्यांनी हात गळ्याशी नेला. आठ वर्षांच्या पोरीचा गळा.

"मग?"

"मंग काय! सर नंतर बोलले, कॅमेरा बंदच होता."

बाई खो खो हसल्या. मला हसता येईना. मी तिथे असते तर त्या बेटावरच्या बाईला सांगितलं असतं. फार नाही, दोन वाक्यं होती बांधाची. मला ती पाठ होती.